विश्लेषण : जव्हार-मोखाड्यात छतावरची वीज नेमकी कुठे अडते?

घराच्या छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठी केंद्राचे अनुदान आहे, राज्याचा वेगळा हिस्सा आहे आणि १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला महावितरणच्या तांत्रिक तपासणीची वाटही पाहावी लागत नाही. कागदावर ही प्रक्रिया इतकी सुटसुटीत कधीच नव्हती. तरीही पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांत ही योजना पाड्यापर्यंत न्यायची, तर अडचण परवानगीच्या आधीच सुरू होते. वीजबिलावरचे नाव, जुनी थकबाकी, कौलारू छत, आधी भरावे लागणारे पैसे आणि पावसाळ्यात सतत जाणारी वीज हे त्यातले मुख्य अडथळे. अनुदान किती, परवानगी कशी आणि ५० युनिट वापरणाऱ्या घराला याचा फायदा किती, याचा हा आढावा.

केंद्राची योजना काय देते?

‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ १३ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाली आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी तिला मंजुरी दिली. एकूण तरतूद ७५ हजार २१ कोटी रुपये, उद्दिष्ट एक कोटी घरे आणि कालावधी २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत. १० मार्च २०२५ रोजी देशात १० लाख घरांचा टप्पा पूर्ण झाला.

अनुदानाचे गणित सरळ आहे. पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८ हजार रुपये. म्हणजे एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये. तीन किलोवॅटच्या वर क्षमता वाढवली तरी अनुदान वाढत नाही. योजनेत पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रति किलोवॅट ५० हजार आणि तिसऱ्यासाठी ४५ हजार रुपये खर्च गृहीत धरला आहे. बाजारातला दर त्याहून जास्त असला, तर फरक ग्राहकाच्या खिशातून जातो.

एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो. ही वर्षभराची सरासरी आहे. जव्हार-मोखाड्यात जून ते सप्टेंबर ढग आणि मुसळधार पाऊस असतो. त्या काळात उत्पादन बरेच घटते आणि हिवाळा-उन्हाळ्यात ते भरून निघते.

परवानगीचे टप्पे किती?

पूर्वी छतावर पॅनेल बसवायचे म्हटले की आधी वीज कंपनीकडे अर्ज, मग रोहित्राची क्षमता पुरेल का याची तपासणी, मग मंजूर भार वाढवण्याचा वेगळा अर्ज अशी साखळी होती. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली आणि ही साखळी तुटली. आता १० किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीविना मान्य झाला असे मानले जाते. लागणारा मंजूर भारही वीज कंपनीनेच वाढवून द्यायचा आहे. पाच किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी वितरण यंत्रणा बळकट करावी लागली, तर तो खर्चही कंपनीने करायचा. संच बसल्याची कागदपत्रे दिल्यानंतर मीटर लावून तो सुरू करण्याची मुदत ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणली आहे.

घरगुती ग्राहकासाठी क्रम असा :

१. पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर राज्य, वीज कंपनी, ग्राहक क्रमांक आणि मोबाइल क्रमांक टाकून नोंदणी.
२. वीजबिल जोडून अर्ज. १० किलोवॅटपर्यंत मान्यता आपोआप.
३. नोंदणीकृत एजन्सीची निवड आणि तिच्याशी लेखी करार.
४. संच बसवणे, छायाचित्रे व पॅनेलचे तपशील पोर्टलवर भरणे.
५. महावितरणकडून पाहणी आणि नेट मीटर. या योजनेत महावितरण नेट मीटर मोफत देते.
६. संच सुरू झाल्याचे प्रमाणपत्र आल्यावर बँक खात्याचा तपशील भरणे. त्यानंतर अनुदान थेट खात्यात. त्यासाठी ३० दिवसांची मुदत सांगितलेली आहे.

या सहा टप्प्यांत तहसील किंवा पंचायत समितीचा शिक्का कुठेही लागत नाही. गावात ‘परवानगी मिळवून देतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर तो नसलेल्या कामाचे पैसे मागतो आहे.

मग अडते कुठे?

पहिला अडथळा वीजबिलावरच्या नावाचा. अर्ज ग्राहक क्रमांकावर चालतो आणि अनुदान त्या ग्राहकाच्या खात्यात जाते. पाड्यांवर अनेक जोडण्या आजोबा किंवा वडिलांच्या नावावर असतात. ती व्यक्ती हयात नसेल, तर बिल एका नावाचे आणि आधार व बँक खाते दुसऱ्या नावाचे, अशी स्थिती होते. आधी जोडणीवरचे नाव बदलावे लागते. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. मृत्यूची नोंदच झाली नसेल, तर हे काम सौर अर्जापेक्षा जास्त वेळ खाते. नाव तेच पण स्पेलिंग वेगळे, एका ठिकाणी आडनाव आहे आणि दुसरीकडे नाही, हेही नेहमीचे.

दुसरा अडथळा थकबाकीचा. सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या सौभाग्य योजनेत गरीब कुटुंबांना मोफत जोडणी मिळाली. बिल मात्र दरमहा भरायचे होते. बिल थकले, पुरवठा तोडला गेला आणि काही जोडण्या कायमस्वरूपी खंडित झाल्या. योजनेची पहिली अट वैध, चालू वीजजोडणीची आहे. जिची जोडणी खंडित आहे तिला आधी जुना हिशेब मिटवावा लागतो. कायमस्वरूपी खंडित ग्राहकांसाठी महावितरणने १ सप्टेंबर २०२४ पासून अभय योजना आणली होती. त्यात व्याज आणि विलंब आकार माफ होता, पण मूळ थकबाकी भरायची होती. मुदतवाढीनंतर ती ३१ मार्च २०२५ रोजी संपली.

तिसरा अडथळा आधी भरायच्या पैशांचा. केंद्राचे अनुदान संच बसल्यावर येते. तोपर्यंत एजन्सीला पैसे ग्राहकानेच द्यायचे. त्यासाठी तीन किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय दोन लाख रुपयांपर्यंत कर्जाची सोय आहे आणि व्याजदर रेपो दरापेक्षा अर्धा टक्का जास्त ठेवलेला आहे. अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून होतो. पगारदार शिक्षक किंवा जव्हारच्या बाजारपेठेतील दुकानदाराला हे कर्ज मिळू शकते. भातशेती आणि हंगामी मजुरीवर चालणाऱ्या घराची बँकेत कर्जफेडीची नोंदच नसते. अशा घरासाठी बँकेची पायरी कठीण ठरते.

छत पेलेल का?

एक किलोवॅटसाठी सावली न पडणारी साधारण १० चौरस मीटर, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या आसपास जागा लागते. जव्हार शहरातल्या स्लॅबच्या घरात हा प्रश्न नाही. पाड्यावरच्या घरात आहे. कारवीच्या कुडाच्या भिंती, लाकडी वासे आणि वर कौले किंवा पत्रा अशी रचना असेल, तर पॅनेल, लोखंडी सांगाडा आणि पावसाळी वारा यांचा भार कशावर टाकायचा, हे आधी पाहावे लागते. पत्र्याच्या छपराखालचे वासे मजबूत असतील तर संच बसू शकतो. कौलांवर थेट सांगाडा बसवणे धोक्याचे आहे. कौल फुटले की गळती सुरू होते आणि वाऱ्याचा उचल भार सांगाड्यासह वासेही हलवतो.

जमीन हाही मुद्दा आहे. हा सगळा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. अनेक ठिकाणी मातीचा थर पातळ आहे. सौर संचाला अर्थिंग चांगले लागते : पॅनेलच्या बाजूचे, घरच्या विजेच्या बाजूचे आणि वीजरोधकाचे वेगळे. मान्सूनपूर्व गडगडाटात या पट्ट्यात विजा पडतात. खडक लागला म्हणून खड्डा अर्धवट सोडला, तर पहिल्याच मोठ्या गडगडाटात इन्व्हर्टर जळण्याची भीती असते. अर्थिंगचे काम पॅनेलइतके दिसत नाही, म्हणून काटकसर तिथेच होते.

घरकुलांमुळे चित्र थोडे बदलते आहे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये प्रत्येक लाभार्थ्याला ५० हजार रुपयांचे वाढीव अनुदान मंजूर केले. त्यातले ३५ हजार बांधकामासाठी आहेत आणि १५ हजार एक किलोवॅटपर्यंतच्या छतावरील सौर संचासाठी. हे १५ हजार संच बसवणाऱ्यालाच मिळतात. केंद्राच्या ३० हजारांत ते मिळवले, तर ५० हजारांच्या संचाचे ४५ हजार सरकारकडून येतात. मात्र त्यासाठी घरकुल बांधतानाच छताची दिशा आणि मजबुती ठरवायला हवी. दक्षिणेकडे उतार असलेले, झाडांच्या सावलीबाहेरचे छत मिळाले तर पुढचा खर्च वाचतो.

कमी वापराच्या घराला परवडते का?

उत्तर घराच्या वापरावर अवलंबून आहे. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंतचा दर आणि १०१ ते ३०० युनिटचा दर यांत जवळपास दुपटीचा फरक आहे. म्हणून जितका वापर जास्त, तितका सौर संच लवकर वसूल होतो. समजण्यासाठी दोन घरांचे उदाहरण घेता येईल.

पहिले घर जव्हार शहरातले. फ्रीज, टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटार आणि महिन्याला २५० युनिट वापर. दोन किलोवॅटचा संच जवळपास पूर्ण वापर भरून काढतो. गृहीत खर्च एक लाख, अनुदान ६० हजार, स्वतःचे ४० हजार. महिन्याला दोन हजार रुपये वाचले असे धरले, तर पैसे २० महिन्यांत निघतात. एजन्सीने एक लाख ३० हजार रुपये दर लावला, तरी ३५ महिने पुरतात.

दुसरे घर मोखाडा तालुक्यातल्या पाड्यावरचे. चार दिवे, पंखा, टीव्ही, मोबाइल चार्जिंग आणि महिन्याला ५० युनिट. युनिटला सरासरी सहा रुपये धरले, तर बचत महिन्याला ३०० रुपये. एक किलोवॅटसाठी केंद्राचे अनुदान वजा जाता २० हजार रुपये घालावे लागतात. ते निघायला साडेपाच वर्षे लागतात. दारिद्र्यरेषेखालील वीजदराच्या घरात दर आणखी कमी, त्यामुळे बचतही आणखी कमी.

दोन्ही घरांना एक गोष्ट सारखी लागू आहे. नेट मीटरवर वापर शून्य आला तरी बिल शून्य येत नाही. स्थिर आकार दरमहा येतोच. ‘बिल कायमचे बंद’ अशी जाहिरात करणारी एजन्सी ही बाब सांगत नाही.

राज्याच्या हिश्शाने काय बदलते?

दुसऱ्या घराचे हे गणित बदलण्यासाठीच राज्य सरकारने २०२५ मध्ये स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप म्हणजे ‘स्मार्ट’ सौर योजना मंजूर केली. दोन आर्थिक वर्षांसाठी ६५५ कोटी रुपयांची तरतूद आणि पाच लाख ग्राहकांचे उद्दिष्ट. त्यात सुमारे दीड लाख दारिद्र्यरेषेखालील ग्राहक आहेत. उरलेले साडेतीन लाख महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वापर असलेले आर्थिकदृष्ट्या दुर्बल ग्राहक आहेत.

एक किलोवॅटच्या ५० हजार रुपयांच्या संचासाठी वाटणी अशी :

- दारिद्र्यरेषेखालील ग्राहक : केंद्र ३० हजार, राज्य १७ हजार ५००, ग्राहक २ हजार ५०० रुपये.
- १०० युनिटपेक्षा कमी वापर, अनुसूचित जाती-जमाती : केंद्र ३० हजार, राज्य १५ हजार, ग्राहक ५ हजार रुपये.
- १०० युनिटपेक्षा कमी वापर, सर्वसाधारण गट : केंद्र ३० हजार, राज्य १० हजार, ग्राहक १० हजार रुपये.

जव्हार आणि मोखाड्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी ही वस्ती. त्यामुळे इथल्या बहुतेक पात्र घरांसाठी पहिल्या दोन ओळी महत्त्वाच्या. पाड्यावरच्या त्या ५० युनिटच्या घराला २० हजारांऐवजी पाच हजार घालावे लागले, तर पैसे साडेपाच वर्षांऐवजी सुमारे १७ महिन्यांत निघतात. राज्याचा हिस्सा नसता तर या घराला एजन्सीने दारातही उभे केले नसते. कारण एजन्सीला तीन किलोवॅटच्या कामात जास्त नफा असतो आणि घाटातल्या पाड्यावर एक किलोवॅट नेण्याचा वाहतूक खर्च तेवढाच पडतो.

अट मात्र इथेही चालू जोडणीची आणि थकबाकी नसण्याची. शिवाय उद्दिष्ट पाच लाखांचे असल्याने आधी येणाऱ्याला आधी लाभ मिळतो. कागद तयार असलेली सपाटीवरची गावे पुढे जातात आणि नाव बदलात अडकलेला पाडा मागे राहतो. घरकुलाचे १५ हजार आणि स्मार्ट योजनेचा राज्य हिस्सा हे दोन वेगळे निर्णय आहेत. दोन्ही एकाच संचासाठी मिळतील असे गृहीत धरून खर्चाचा हिशेब करू नये.

घर सहा महिने बंद असेल तर?

जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टी, बांधकाम आणि रेतीच्या कामासाठी भिवंडी, वसई, कल्याण, नाशिककडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे नोव्हेंबर ते मे या सर्वाधिक उन्हाच्या महिन्यांत घर बंद असते.

नेट मीटरिंगमध्ये घराने वापरल्यानंतर उरलेले युनिट जाळ्यात जमा होतात आणि पुढच्या बिलात वळते होतात. ही साठवण आर्थिक वर्षापुरती असते. ३१ मार्चला उरलेले युनिट महावितरण राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते. हा दर ग्राहक बिलात जो दर भरतो त्यापेक्षा कमी असतो. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत एक किलोवॅटचे साधारण ६०० युनिट जमतील. पण त्यांचे मोल घरी वापरलेल्या युनिटइतके नसेल. १ एप्रिलपासून खाते नव्याने सुरू होते. ‘घर बंद ठेवा, वीज विकून कमवा’ हे म्हणूनच अर्धसत्य आहे.

त्याहून महत्त्वाच्या दोन साध्या गोष्टी आहेत. एक, गावाला जाताना मेन स्विच बंद करून जाण्याची सवय. संचाची जोडणी मेन स्विचच्या पुढे, घराच्या बाजूला असेल, तर स्विच बंद होताच इन्व्हर्टरही थांबतो आणि सहा महिन्यांचे उत्पादन शून्यावर येते. जोडणी करतानाच सौर संचाचा स्विच वेगळा ठेवायला सांगावे. दोन, बंद घरातही स्थिर आकाराचे बिल येतच राहते. ते थकले आणि पुरवठा तोडला गेला, तर छतावर पॅनेल असूनही वीज तयार होत नाही. परतल्यावर आधी थकबाकी, मग पुनर्जोडणी आणि मग संच असा उलटा प्रवास करावा लागतो.

वीज गेली तर पॅनेल चालते का?

सर्वात मोठा गैरसमज इथे आहे. अनुदानातून बसणारा नेहमीचा संच जाळ्याशी जोडलेला असतो. जाळ्यातली वीज गेली की इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत बंद होतो. भर दुपारी लख्ख ऊन असले तरी घरात अंधार राहतो. हा दोष नाही. तार दुरुस्त करणाऱ्या वायरमनला घरातून उलट येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून केलेली ही सुरक्षा रचना आहे.

जव्हार-मोखाड्यात वीजवाहिन्या जंगल आणि घाटातून येतात. पावसाळ्यात झाड पडले, खांब कलला की पुरवठा खंडित होतो आणि दुर्गम ठिकाणी दुरुस्तीला वेळ लागतो. दिवसा वीज गेली की तेवढे उत्पादनही बुडते. त्यात कमी दाबाची भर पडते. रोहित्रापासून लांब, एकाच फेजवर चालणाऱ्या पाड्यात व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले तरी इन्व्हर्टर थांबतो. नंतर व्होल्टेज स्थिर झाल्यावर तो पुन्हा सुरू होतो. मधल्या काळातले युनिट गेले ते गेले.

बॅटरीसह हायब्रिड संच हा उपाय आहे. योजनेत तो लावता येतो, पण बॅटरीच्या खर्चाला अनुदान नाही. अनुदान पॅनेल किंवा इन्व्हर्टर यांपैकी कमी असलेल्या क्षमतेवर मोजले जाते. ज्या घराने पाच हजार रुपयेच मोठ्या कष्टाने उभे केले, त्याला बॅटरी परवडत नाही. त्यामुळे या दोन तालुक्यांत सौर छताची योजना वीजबिल कमी करेल. वीज जाण्याचा प्रश्न तिने सुटणार नाही. तो वाहिन्या, खांब आणि रोहित्रांच्या कामाचाच राहतो. पाच किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी यंत्रणा बळकट करण्याची जबाबदारी नियमाने वीज कंपनीवर आहे. कमी दाबामुळे इन्व्हर्टर वारंवार थांबत असेल, तर ग्राहकाने इन्व्हर्टरवरील नोंदी दाखवून शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.

जिथे तारच नाही तिथे काय?

पीएम सूर्यघर जाळ्याशी जोडलेल्या घरांसाठी आहे. ज्या वस्तीत वीजवाहिनी पोहोचलेली नाही, तिच्यासाठी मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या विशेष असुरक्षित आदिम जमाती आहेत. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात, वाहिनी नेणे व्यवहार्य नसलेल्या अशा जमातींच्या घरांना बॅटरीसह स्वतंत्र सौर संच देण्याची तरतूद आहे. त्यासाठी घरामागे ५० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. जव्हार-मोखाड्यातील कातकरी वाड्यांसाठी ही तरतूद महत्त्वाची. अर्ज वैयक्तिक पोर्टलवरून होत नाही. वस्तीची यादी प्रशासनाकडून जावी लागते. त्यामुळे जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आणि महावितरणकडे ग्रामसभेचा ठराव देऊन वस्ती यादीत आहे का, हे तपासणे ही पहिली पायरी.

शेतीपंपाची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनाही वेगळी आहे. तिच्यात अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के आणि इतरांना दहा टक्के हिस्सा भरावा लागतो. त्या पंपाचा घराच्या वीजबिलाशी संबंध नाही.

एजन्सी निवडताना काय पाहावे?

अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातले सेल भारतात बनलेले असावे लागतात. बाजारात ही पॅनेल ‘डीसीआर’ नावाने ओळखली जातात आणि आयात सेलच्या पॅनेलपेक्षा महाग असतात. स्वस्त दर सांगून दुसरी पॅनेल बसवली, तर अनुदान अडकते. पॅनेलवरील अनुक्रमांक, करारातला अनुक्रमांक आणि पोर्टलवर भरलेला अनुक्रमांक एकच आहे का, हे पाहावे.

एजन्सीवर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते. पालघर, वसई किंवा ठाण्याची एजन्सी दोन तासांचा घाट चढून एका किलोवॅटच्या दुरुस्तीला येईल का, हा प्रश्न करारापूर्वी विचारावा. तक्रारीला किती दिवसांत माणूस येईल, हे करारात लिहून घ्यावे. संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. काही भाग नेट मीटर लागल्यानंतर देण्याचे ठरवावे. अनुदानासाठी बँक खाते आणि ओटीपी एजन्सीच्या मोबाइलवर जोडू देऊ नये. योजनेची हेल्पलाइन १५५५५ आहे आणि महावितरणच्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

ग्रामपंचायत काय करू शकते?

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरली. तो भागही डोंगराळ आणि भरपूर पावसाचा. तिथे सुटे अर्ज झाले नाहीत. ग्रामपंचायतीच्या पुढाकाराने गाव एकत्र उतरले. मान्याचीवाडी आणि मोखाड्यातला पाडा यांची तुलना सरसकट होणार नाही. तिथली घरे, उत्पन्न आणि स्थलांतर वेगळे आहे. पण एक बाब लागू पडते. एकाच वस्तीतील २५-३० घरांचे काम एकत्र निघाले, तर एजन्सीचा वाहतूक खर्च विभागतो आणि देखभालीसाठी माणूस ठेवणे परवडते. महावितरणलाही त्या रोहित्राचे काम एकदाच करता येते.

केंद्राच्या योजनेत स्थानिक स्वराज्य संस्थेला तिच्या हद्दीत बसणाऱ्या प्रत्येक घरगुती संचामागे एक हजार रुपये प्रोत्साहन आहे. जव्हार नगर परिषद, मोखाडा नगरपंचायत आणि दोन्ही तालुक्यांतील ग्रामपंचायती त्यास पात्र आहेत. हा पैसा हाती येईल तो संच बसल्यावर. त्याआधी करायचे काम फारसे खर्चिक नाही. गावातील वीजबिलांची यादी करायची आणि कोणत्या बिलावर मृत व्यक्तीचे नाव आहे ते शोधायचे. मग ग्रामसेवक, महावितरणचा शाखा अभियंता आणि बँक प्रतिनिधी यांना एका दिवशी एका ठिकाणी बसवून नाव बदल, थकबाकी आणि खाते जोडणी एकत्र उरकायची.

त्यासाठी दिवसही ठरवून निवडावा लागेल. दिवाळीनंतर घेतलेल्या शिबिरात निम्मे पाडे रिकामे असतील. भात कापणी उरकून कुटुंबे बाहेर पडण्यापूर्वीचे दोन-तीन आठवडे, किंवा पावसाच्या तोंडावर ती परतल्यानंतरचे दिवस हीच योग्य वेळ. केंद्राची योजना २०२६-२७ अखेर संपते आणि राज्याची तरतूदही त्याच वर्षापर्यंत आहे. म्हणजे स्थलांतराच्या वेळापत्रकात बसणाऱ्या अशा संधी मोजक्याच उरतात. त्या काळात बिलावरचे नाव बदलले नाही, तर १० किलोवॅटपर्यंतची आपोआप मिळणारी मंजुरी या पाड्यांच्या काहीच कामाची ठरणार नाही.